साका बसेल का?

१९ जानेवारी, सोमवार

रिटायर होऊन तीन आठवडे होत आले. ही डायरी कंपनीला केमिकल पुरवणाऱ्यांनी दिलेली. दरवर्षी मुलगी पळवायची. ती लग्न होऊन पुण्याला गेली, म्हणून यंदा मीच लिहायला घेतली. लिहिण्यासारखं काही घडत नाही, पण पानं कोरी ठेवायची सवय नाही.

सकाळी चिंचणी नाक्यावर दूध आणायला गेलो तर जो तो एकच विचारतो, "काय, बसले का घरी?" आमच्याकडे माणूस निवृत्त होत नाही, घरी बसतो. लॅबमध्ये आयुष्यभर हाच शब्द वापरला. दोन स्वच्छ द्रावणं एकत्र केली, पांढरं काही तयार झालं आणि नळीच्या तळाशी गेलं की म्हणायचं, साका बसला. ऑफिशियली 'पीपीटी आला'. आता मी बसलो. बायकोला सांगितलं तर ती हसली नाही.

मालती म्हणाली, "बसले तर बसा, पन माझ्या पायात बसू नका."

तिला इथे मा. म्हणेन. डायरी कोणाच्या हाती लागलीच तर मा. म्हणजे माल, कच्चा माल, असं सांगता येईल.

२० जाने., मंगळ

वाडी माझ्या वडिलांची, पण चालवली मा.ने. मी सकाळी शिफ्टच्या बसने बोईसरला एमआयडीसीत, ती मोगऱ्यात. मला वाडी माहीत आहे ती बसच्या खिडकीतून दिसते तेवढी. आज म्हटलं, जरा मदत करतो. खुरपं घेतलं. कळ्या खुडायला आणि निंदायला येणारी लखमी मागून ओरडली, "बाय, सायेब मोगरा उपटते!" गवत आणि मोगऱ्याचा कोवळा फुटवा मला सारखाच दिसला. मा.ने खुरपं काढून घेतलं, तेही काही न बोलता. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पंपघराला कुलूप असतं. किल्ली तिच्या कमरेला. मागितली नाही.

२१ जाने., बुध

विहिरीकडच्या ओळींत पाणी पोचत नाही. लखमीने दाखवलं, "बाय, ह्या वळीत पानीच नाय हाय. माती बघ, कशी लाह्येसारखी झाली." ठिबकच्या नळीचे ड्रिपर बंद. मा. साडीची पिन घेऊन एकेक ड्रिपर टोचत बसली. टोचलं की एक थेंब येतो, दुसऱ्या दिवशी परत बंद. पुढच्या महिन्यात कळ्या धरायच्या, आणि झाडं तहानलेली. मा.चा चेहरा उतरला होता. तिचा चेहरा असा उतरलेला मी फार वेळा पाहिलेला नाही, कारण त्या वेळेला मी घरी नसायचो.

मी विचारलं, काय अडकलंय?

"खारं पानी. दुसरं काय."

चिंचणीत कशाचंही खापर खाऱ्या पाण्यावर फुटतं. केस गळाले, खारं पाणी. डाळ शिजली नाही, खारं पाणी. शेजारच्या बंड्याचं लग्न जमत नाही, त्यालाही कोणीतरी एकदा हेच कारण दिलं होतं.

२३ जाने., शुक्र

बोईसरच्या ठिबकवाल्याने अ‍ॅसिड दिलं. नळ्यांत सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी धुऊन काढायचं. अ‍ॅसिड म्हटल्यावर मी आपोआप पुढे सरसावलो, म्हटलं हातमोजे, चष्मा, आधी पाणी मग अ‍ॅसिड. मा. म्हणाली, "पाच वरसं टाकते मी. तुमी बाजूला उभे रा."

बाजूला उभा राहिलो. चष्मा मात्र तिला घालायला लावला.

२४ जाने., शनि

अ‍ॅसिडने काहीही झालं नाही. ओळी तशाच कोरड्या. मा. म्हणाली, अ‍ॅसिडमध्ये पाणी मारलं असणार ठिबकवाल्याने.

मला राहवेना. एक ड्रिपर ब्लेडने चिरला. आत पांढरं, बारीक, सुयांसारखं. बोटांत चुरलं तर कचकचलं. घरात अ‍ॅसिड नको म्हणून लिंबू पिळलं. शांत. मग किनाऱ्यावरून आणलेला शिंपला कुटून त्यावर लिंबू पिळलं, तो मस्त फसफसला. खाऱ्या-जड पाण्याचा थर असता तर तोही असाच फसफसला असता. हा नाही फसफसला. म्हणजे हा पाण्याचा चुना नव्हेच! आणि म्हणूनच अ‍ॅसिडला दाद देत नाही.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागून जेवलो.

मा. लिंबू शोधत होती. मीही शोधायला लागलो.

२५ जाने., रवि

सापडलं. पंपघराबाहेर निळा ड्रम, शेजारी दोन पोती. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. मा. दोन्ही एकाच ड्रममध्ये ढवळते आणि चबुतऱ्यावरून नळ्यांत सोडते. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली तेव्हापासून दुसरं पोतं चालू. नळ्याही तेव्हापासूनच बंद पडायला लागल्या.

कॅल्शियम एकाचं, सल्फेट दुसऱ्याचं, दोघं भेटले की जिप्सम. म्हणजे जवळजवळ प्लास्टर. लॅबमध्ये येणाऱ्या नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

मा.ला सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी.

"एकाच झाडाच्या पोटात जायचं ना दोन्ही? मग एकत्र टाकलं तर काय बिघडलं?"

मी म्हटलं, पोटात जायच्या आधी नळीत जातं.

"मी रोज टाकते. ड्रममधलं पानी निवळशंख असते. तुमचा साका काय मला बघून लपते का?"

मग मला चेव आला. म्हटलं, उद्या करून दाखवतो, तुझ्यासमोर. बरोबर निघालो तर पंपघराची किल्ली माझ्याकडे आणि खताचं मी बघणार. मा.ने डोळे बारीक केले. "आणि चुकले तर?" मी म्हटलं, तू सांग.

"तर त्या मिश्राला हो म्हना."

मिश्रा माझा ज्युनियर, आता लॅब त्याच्याकडे. रोज फोन. 'सर, आ जाइए, नए लड़के टेस्ट ट्यूब पकड़ना नहीं जानते.' मी टाळत आलोय. इतकी वर्षं त्या बसने गेलो, आता मला माझ्या वाडीत राहायचं आहे. हे मा.ला कधी धड सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, कबूल!

२६ जाने., सोम

शाळेतलं झेंडावंदन करून, जिलबी घेऊन आलो. प्रयोग ओसरीवर. प्रेक्षक मा. आणि लखमी. काचेचा मोठा पेला, बोअरचं पाणी. चिमूटभर हे, चिमूटभर ते. ढवळलं. म्हटलं, बघा आता.

बघितलं. सगळ्यांनी बघितलं. पेला स्वच्छ. पलीकडची तुळस दिसत होती.

म्हटलं, थांबा जरा. लखमी जिलबी खात थांबली. जिलबी संपली तरी पेला स्वच्छ. संध्याकाळी दिवा लावताना मा.ने पेला उचलून उजेडात धरला, फिरवला आणि तुळशीला ओतला.

"तुळशीला तरी खत मिळालं," म्हणाली. ती जिंकल्यावर फार बोलत नाही, तेच जास्त लागतं.

लखमी जाताना, "सायेब, उद्या परत हाय का खेळ?"

२७ जाने., मंगळ

शब्द म्हणजे शब्द. मिश्राला फोन केला. तो इतका खूश झाला की मला वाईटसुद्धा वाटू देईना. "सर, मैंने आपकी कुर्सी किसी को नहीं दी!" फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारपासून यायचं ठरलं.

मा.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बरं झालं," म्हणाली. नंतर बराच वेळ एकच मूठ निवडत राहिली.

ओळी कोरड्याच. ठिबकवाला म्हणतो नवीन नळ्या घाला.

२९ जाने., गुरु

गाढव. मी गाढव. इतकी वर्षं पोरांना ओरडत आलो की आधी गुणाकार, मग नळी. आणि स्वतः?

एका खतातलं कॅल्शियम पाण्यात किती, दुसऱ्यातलं सल्फेट किती, दोन्हींचा गुणाकार करायचा. त्या पदार्थाची ठरलेली मर्यादा असते, विद्राव्यता गुणाकार. आपला आकडा मर्यादेच्या खाली राहिला तर सगळं विरघळलेलं राहतं, वर गेला तर साका. चिमटी-चिमटीचा गुणाकार आज बसून केला. मर्यादेच्या खाली! पेला स्वच्छ राहणारच होता. रसायनशास्त्राने मला बरोबर उत्तर दिलं, प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. मा. चिमटीने टाकत नाही, ती तगारीने टाकते.

ड्रमचा गुणाकार केला. मर्यादा कुठच्या कुठे मागे.

धावत मा.कडे. ती म्हणाली, "पैज एकदाच असते." म्हटलं, पैज तू जिंकलीस, मी जाणार बोईसरला, पण मोगरा? मोगऱ्याची तर पैज नव्हती ना. त्यावर म्हणाली, उद्या बघू.

३० जाने., शुक्र

ड्रमच्या प्रमाणात लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलं. मोजमापाला मा.चंच माप, तिच्या तगारीच्याच हिशेबात, तिच्याच हाताने. दुपारभर समोर ठेवून बसलो.

स्वच्छ.

मा. चहा घेऊन आली, बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला माझी दया आली हे मला स्पष्ट दिसलं. बशीत बिस्किटं जास्त होती.

गुणाकार तीनदा तपासला. बरोबर आहे. मग हा बसत का नाही? झोपायला जातोय. जिप्समचा राग आलाय.

३१ जाने., शनि

सकाळी मा.चीच हाक. "अहो. अहो, इकडं या."

बरणी खिडकीत. तळाशी पांढरा थर, आणि काचेला आतून सुया. बारीक, चकचकीत, ड्रिपरमध्ये होत्या तशाच. मी नाचलो नाही. जरासा नाचलो. लखमीने बघितलं, म्हणजे आता गावभर.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काही क्षार मर्यादा ओलांडली की तत्काळ बसतात. जिप्सम वेळ घेतो, आळशी आहे. मर्यादा ओलांडूनही काही तास नुसता विचार करत राहतो. मा. ड्रममध्ये ढवळते तेव्हा पाणी निवळशंख. ते तसंच नळ्यांत जातं. त्या वेळी पंप बंद, खताचं पाणी काळ्या नळ्यांत रात्रभर उभं. तिथे, कोणी बघत नसताना, हा बसतो. ड्रम साफ, नळ्या बंद. मा.ने जे बघितलं ते खरंच होतं. मीही खरं बोलत होतो. आम्ही दोघं एकाच पाण्याकडे वेगवेगळ्या वेळी बघत होतो.

मा. म्हणाली, "खारं पानीच असेल. तुमी बोअरचं घेतलं ना?"

तिच्या आवाजात मात्र दम नव्हता.

१ फेब्रुवारी, रवि

पंपघराच्या मागे हात धुवायला गेलो तर भिंतीच्या कडेला दोन बाटल्या, पानांनी झाकलेल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत दुकानातलं विकतचं, गोडं. दोन्हींत खत टाकलेलं. वर पिनेने चिठ्ठ्या टोचलेल्या: 'खारं', 'गोडं'. अक्षर मा.चं.

माझी बायको माझ्या नकळत प्रयोग करत्ये! तोही माझ्याहून नीट. एका वेळी एकच गोष्ट बदललेली. पानं होती तशी परत ठेवली आणि आत येऊन वर्तमानपत्र उलटं धरलं. मला तिच्याबद्दल इतकं प्रेम लग्नाच्या वेळीसुद्धा वाटलं नव्हतं. हे तिला सांगणार नाही, लग्नाचं काढेल.

२ फेब्रु., सोम

जेवताना मा. स्वतःहून, ताटाकडे बघत: "गोड्या पान्यातपन बसला."

मी म्हटलं, काय बसला?

"माहीत नाय असं दाखवू नका. पानं हललीत तिथली."

गोड्या पाण्यातला साका उलट काकणभर जास्तच. खारं पाणी असल्या साक्याला जरा विरघळवूनच ठेवतं. म्हणजे इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या ते पाणी या बाबतीत आपल्याच बाजूचं निघालं. मा.ला हे सांगितल्यावर ती घास हातात धरून हसत सुटली. "आता बंड्याचं काय सांगायचं त्याच्या आईला?"

४ फेब्रु., बुध

उपाय. एक: ड्रम दोन. कॅल्शियमचा वेगळा, सल्फेटचा वेगळा. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि खत सोडून झालं की पंप लावून नळीत साधं पाणी, खताचा थेंब मागे राहता कामा नये. जमिनीत भेटू दे त्यांना, तिथे भरपूर ओल असते.

दोन: बसलेलं काढायचं कसं? अ‍ॅसिड उपयोगाचं नाही. जिप्सम साध्या पाण्यात विरघळतो, पण थोडा थोडा. म्हणजे पुष्कळ साधं पाणी, रोज, चिकाटीने. मा. म्हणाली, "येवढंच? त्या अ‍ॅसिडवाल्याला सांगा जाऊन."

दुसरा ड्रम बोईसरहून आणला, रिक्षाच्या मागे बांधून. रिक्षावाला यूपीचा, वाटेत पाम गावाजवळ विचारतो, "काका, इसमें क्या बनाओगे?" म्हटलं, कुछ नहीं बनने देंगे, इसीलिए ले जा रहा हूँ. तो घरापर्यंत आरशातून माझ्याकडे बघत होता.

७ फेब्रु., शनि

पंपाची थ्री फेज वीज दुपारीच येते, तेव्हा पंप. नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडायचं. मा. पंपावर, मी टोकाला. "आलं का?" "आलं!" "कसं हाय?" "दुधाळ!" दिवसभर हेच. घसा बसला. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत थेंब पडायला लागले, विहिरीकडची शेवटची ओळ अजून ढिम्म.

एका गोष्टीवरून भांडण. मी म्हटलं टोक जमिनीवर ठेवतो, ती म्हणाली वर धरा. मग मी तिला व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते सांगितलं. ते सांगायला नको होतं. तिने व्हॉल्व्ह सोडून दिला आणि घरी गेली. मी फवाऱ्यात.

९ फेब्रु., सोम

रोज एक भांडण. आज खतावरून, काल चहावरून, परवा नळीवरून, त्याआधी मी लखमीला ओळींचे नंबर पाडून दिले त्यावरून. लखमी ओळींना नावाने ओळखते: शेवग्याची, मेलेल्या गाईची, नवरीची. मी 'ओळ चार' म्हटलं की ती उभी राहते आणि मा.कडे बघते.

रिटायर होण्याआधी आमचं भांडण वर्षातून एकदा, गणपतीत व्हायचं. काय बिघडलं?

१४ फेब्रु., शनि

विहिरीकडची ओळ सुटली! सकाळी मातीत एकेक काळा ओला गोल. ड्रिपरखाली बोट धरलं, थेंब पडला, मग थोड्या वेळाने दुसरा. सकाळभर त्या थेंबाची राखण केली. मा. आली, तिनेही बोट धरलं. आम्ही दोघं उकिडवे बसून थेंब मोजल्यासारखं करत होतो, मोजत कोणीच नव्हतं.

"मोगरा वाचला," ती म्हणाली. आणि मग, "तुमच्यामुळं." दुसरं वाक्य इतक्या हळू की मी परत विचारलं. परत सांगितलं नाही.

मिश्राचा मेसेज: 'सर, एप्रन धुलवा दिया.' बोईसरचं विसरलोच होतो.

१८ फेब्रु., बुध

ठरवलं आज सांगायचं. सांगितलं. मला नाही जायचंय बोईसरला. मला इथे राहायचंय, वाडीत, तुझ्याबरोबर. गवत ओळखता येत नसलं तरी. पैज हरलो हे कबूल, पण पेला चुकीचा होता, आणि बरणी बरोबर निघाली.

मा. भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"मिश्राला शब्द दिलाय ना?"

हो.

"मग झालं तर."

एवढंच! मी ओसरीवर येऊन बसलो. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

२० फेब्रु., शुक्र

पहिल्या कळ्या. मा. आणि लखमी उजाडताना खुडत होत्या. मला एक टोपली दिली मा.ने, न मागता. कळी कुठली घ्यायची तेही दाखवलं: पांढरी झालेली, पण मिटलेली. उद्या उमलणारी घेतली तर हिरवी राहते, आज उमललेली घेतली तर बाजारात जाईपर्यंत गळते. उमलायच्या आतल्या वेळेचा हा नेमका अंदाज तिला नुसता बघून येतो. मी बरेच चुकलो. तिने टोपलीतून माझ्या हिरव्या कळ्या वेचून काढल्या, पण शेवटी एक तशीच ठेवली.

मग बांधावर बसून चहा. आणि मा. बोलली. तिच्या शब्दांत लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

"तुमचंच गनित सांगते. इतकी वरसं तुमी बोईसरच्या ड्रममधी, मी वाडीच्या. संध्याकाळी भेटायचो, दोघं दमलेले, पातळ. काय बिनसलं का कधी? आता तुमी आले पुरेच्या पुरे माझ्या ड्रममधी. तगारीनं. मग बसनारच ना पांढरं!"

मी म्हटलं, म्हणजे मी परत जावं असंच तुला वाटतं.

"पुरतं नाय. अर्धं जा. सकाळी जा, त्या पोरांना वरडा काय वरडायचं ते. दुपारी या."

मिश्राला विचारायला हवं, असं म्हणालो. तिने सांगितलं, विचारलंय. तिने! मिश्राला! माझ्या फोनवरून! तो 'जैसा भाभीजी बोलें' म्हणाला म्हणे.

मला राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही. जिप्समसारखं मलाही वेळ लागतो.

२१ फेब्रु., शनि

अर्धा दिवस. जमेल का? सकाळी लॅबमध्ये मी साहेब, दुपारी वाडीत लखमीचा शिकाऊ. डोकं एवढ्या लवकर बदलेल का माझं? मा. म्हणते, वाटेत बदला. आणि खरं विचारलं तर पोरांना ओरडायच्या कल्पनेने जरा बरंही वाटलं. हेही तिला सांगणार नाही.

लखमीला विचारलं, ओळ चारचं नाव काय? "नवरीची." का? तर मा. नवी नवरी होती तेव्हा तिने लावलेली पहिली ओळ म्हणून. मी त्या दिवशी कामावर होतो. नंबर पुसून टाकले.

२२ फेब्रु., रवि

उद्या सोमवार.

दुपारी मा.ने खिडकीत बरणी आणून ठेवली, झाकण घट्ट. दोन्ही खतं तिने मोजून घातलीत, मोजमाप मला सांगितलं, आणि म्हणाली, आता आधी सांगा, बसेल का?

गुणाकार केला. नेमका मर्यादेवर येतोय. इतका काठावर की खिडकीत ऊन आलं किंवा रात्री पाणी थोडं गार झालं, तरी इकडचं तिकडे होईल. तिला मुद्दाम जमलं की चुकून, देव जाणे. म्हटलं, सांगता येत नाही.

"इतकी वरसं काय केलं मग तिथं?"

तेच केलं, म्हटलं. कधी सांगता येतं आणि कधी नाही, तेवढं शिकलो. ती म्हणाली, बरं, उद्या दुपारी आल्यावर बघू, तोवर झाकणाला मी हात लावणार नाय.

संध्याकाळी उद्यासाठी बूट पुसले, डबा शोधला. मग मोटरसायकलची किल्ली घ्यायला खुंटीकडे गेलो. आता शिफ्टची बस नाही, मोटरसायकलनेच जायचं. जुडग्यात एक किल्ली जास्त. पितळी, जुनी, तिच्या कमरेवर घासून गुळगुळीत झालेली.

पंपघराची.

मी स्वयंपाकघरात गेलो. मा. माझ्याकडे पाठ करून काहीतरी परतत होती. म्हटलं, अगं, ही घेऊन मी बोईसरला गेलो, तर दुपारी थ्री फेज आली की पंप कोण लावणार?

"म्हनूनच," ती म्हणाली.